मोटारीच्या पोटातली खडूची खूण

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

डॉज हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे ते प्रामुख्याने ट्रकमुळे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि फार्गो या नावांची वाहने बाहेर पडू लागली. घाटात पहिल्या गिअरमध्ये घुमत चढणारा डॉजचा ट्रक अनेकांच्या लहानपणीच्या आठवणीत असेल. मी आज जिच्याविषयी बोलणार आहे ती डॉज मात्र वेगळी. ती दोन दारांची, लांब बॉनेटची, ६.३ लिटरचे इंजिन असलेली १९७० सालची चॅलेंजर आहे. अमेरिकेत अशा गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे दंडाची बेटकुळी. नाव अगदी चपखल आहे.

नोकरीची सगळी वर्षे मी मिशिगनमध्ये काढली आणि गेली चाळीसहून अधिक वर्षे या गाड्या विकत घेणे, सुट्या करणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा जुळवणे हा माझा नाद आहे. गाडी पाहायला येणारे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. केवढ्याला पडली? आणि किती पळते? ती कोणी बनवली, हे सहसा कोणी विचारत नाही. मला स्वतःला या नादातून जे काही मिळाले, ते बरेचसे या न विचारलेल्या प्रश्नातून मिळाले आहे.

आधी या गाड्यांचा थोडा इतिहास सांगायला हवा. मसल कारची व्याख्या सोपी आहे. साध्या कुटुंबाला परवडेल अशी मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या, जड गाडीचे इंजिन बसवायचे. असे प्रयोग आधीही झाले होते. पण त्यांची लाट आली ती १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून, आणि ती गाडी जन्मली एका पळवाटेतून. जनरल मोटर्स कंपनीचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिॲक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रसेल गी यांना त्याच गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन बसवायचे होते. नियम होता तो गाडीच्या मॉडेलला. ग्राहकाने वेगळे पैसे मोजून मागितलेल्या जादा सोयींना तो लागू नव्हता. म्हणून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न करता टेंपेस्ट लमान्स या साध्या गाडीवर घेता येणारा, तीनशे डॉलरच्या आतला एक जादा संच म्हणून ती विक्रीला आणली गेली. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

हे यश केवळ इंजिनाचे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मलेली प्रचंड मोठी पिढी नेमकी त्याच वेळी अठरा वर्षांची होत होती. पेट्रोल स्वस्त होते, नवे महामार्ग बांधले जात होते आणि कारखान्यात काम करणाऱ्या तरुणालाही हप्त्यावर नवी गाडी घेता येत होती. मग इतर कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. क्रायसलरने १९६६ मध्ये ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाडीत दिले. त्याची शक्ती ४२५ अश्वशक्ती सांगितली जाई. १९६८ मध्ये प्लिमथने रोडरनर काढली. कार्टूनमधल्या पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी कंपनीने ५० हजार डॉलर मोजले आणि गाडीचा भोंगाही त्या पक्ष्यासारखा ओरडणारा बसवला. आत गालिचादेखील नसलेली ही गाडी २,९०० डॉलरच्या आत मिळत असे. श्रीमंतांसाठी वेगवान गाड्या युरोपातही बनत होत्या. ज्याच्या हाताला ग्रीस लागलेले असते, त्याच्यासाठी वेगवान गाडी बनवली ती डेट्रॉइटने.

१९७० हे या लाटेचे शिखर. त्या वर्षी शेव्हरोलेच्या शेव्हेलमध्ये ४५० अश्वशक्तीचे इंजिन आले. डॉजची चॅलेंजर आली ती डोळे दिपवणारे रंग घेऊन: भडक जांभळा, पोपटी, आंब्याचा केशरी. आणि लगेच उतरणही सुरू झाली. विमा कंपन्यांनी ताकदवान गाड्यांचे हप्ते इतके वाढवले की तरुण ग्राहकांना गाडीपेक्षा विमा जड होऊ लागला. १९७० च्या शेवटी अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. शिसे कमी असलेल्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले. १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची पद्धतही बदलली. पूर्वी उघडे इंजिन बाकावर बसवून आकडा काढत. आता पंखा, सायलेन्सर वगैरे सर्व जोडून मोजू लागले. त्यामुळे कागदावरचे आकडे धाडकन खाली आले. त्यातली काही घट खरी होती, काही नुसती मोजण्यातली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि १९७४ मध्ये जीटीओ व चॅलेंजर दोन्ही बंद झाल्या. सगळा खेळ जेमतेम दहा वर्षांचा!

मी १९७९ मध्ये शिकायला डेट्रॉइटला गेलो, तेव्हा इराणमधील क्रांतीमुळे पेट्रोल पुन्हा भडकले होते. आठ सिलिंडरच्या या गाड्या घरांच्या मागच्या अंगणात, गवतात, काचेवर ‘विकणे आहे’ची पाटी लावून उभ्या असत. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने पत्रा खाऊन टाकलेला असे. मी नोकरीला लागल्यावर १९८२ मध्ये माझी चॅलेंजर घेतली, ती दोन महिन्यांच्या पगाराहून कमी पैशांत. तेव्हा ती ‘क्लासिक’ वगैरे नव्हती. जुनी, तहानलेली आणि गंजकी गाडी एवढीच तिची ओळख होती.

अशी गाडी पुन्हा उभी करायची म्हणजे काय करायचे? सगळा पसारा आधी सुटा करावा लागतो. प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत घालून पिशवीवर त्याची जागा लिहायची. सडलेला पत्रा कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडायचा. लांबी भरून खड्डे झाकता येतात, पण त्याखाली गंज आपले काम करीतच राहतो. इंजिन उघडून सिलिंडर मोजायचे. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल १९९६ मध्ये पूर्ण बंद झाले. शिसे वाल्व्हच्या बैठकांना झिजेपासून वाचवीत असे. ते गेल्यामुळे इंजिनाच्या डोक्यात कठीण पोलादाच्या नव्या बैठका बसवाव्या लागतात. बाहेरून हा बदल दिसत नाही, पण गाडी चालवायची असेल तर तो करावा लागतो.

आणि गाडी वाचावी लागते. डॅशबोर्डवर, समोरच्या काचेतून दिसेल अशी एक छोटी पट्टी असते. माझ्या गाडीच्या पट्टीची सुरुवात अशी आहे: जे, एस, २३, एन, ०, बी. ‘जे’ म्हणजे चॅलेंजर. ‘एस’ म्हणजे तिची खास वेगवान आवृत्ती. २३ म्हणजे दोन दारांची, टणक टपाची. ‘एन’ म्हणजे ३८३ घनइंचांचे इंजिन, शून्य म्हणजे १९७० साल. शेवटचा ‘बी’ हा कारखाना. त्यापुढे सहा आकडी अनुक्रमांक. याच क्रमांकाचा काही भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेला असतो. तिन्ही जुळले तर गाडीचे इंजिन मूळचे. जुळले नाहीत तर किंमत खाली येते. बॉनेटखाली रंग आणि जादा सोयींची सांकेतिक पट्टी असते. नशीब चांगले असेल तर मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला, उंदरांनी कुरतडलेला एक कागदही सापडतो. कारखान्यातल्या साखळीवर ही गाडी येताना कोणत्या टप्प्यावर काय बसवायचे, हे त्या कागदावर छापलेले असे.

इथपर्यंतची माहिती कोणत्याही संग्राहकाला असते. पण गाडी खालून, आतून हलक्या हाताने स्वच्छ करीत गेले की आणखी काही दिसू लागते. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर मेणखडूने घाईत लिहिलेला एखादा आकडा. स्टिअरिंगच्या बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका. मागच्या आसावर रंगाचा पट्टा. गाडीच्या पोटाला फक्त प्रायमर, आणि कडेने वरच्या रंगाचे उडालेले तुषार. त्या काळी पोट रंगवण्याची पद्धतच नव्हती. वर फवारा मारताना जे उडेल ते उडेल.

या खुणा मला समजावून सांगितल्या त्या आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त कामगाराने. ते कृष्णवर्णीय गृहस्थ तरुणपणी अलाबामातून उत्तरेला आले होते आणि अनेक वर्षे मोटारीच्या साखळीवर उभे राहिले होते. ते गाडीखाली उताणे झोपले आणि एकेक खूण बोटाने दाखवीत गेले. ठिपका म्हणजे बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळला आहे, याची एका माणसाने दिलेली ग्वाही. मेणखडूचा आकडा म्हणजे पुढच्या टप्प्यावरच्या माणसाला दिलेला निरोप, की येथे अमुक आकाराचा भाग लागेल. खूण करायला मिळे फार तर एखादा क्षण, कारण साखळी थांबत नसे. एका ठिपक्याकडे पाहून ते म्हणाले की हा डावखुऱ्या माणसाचा आहे. ते खरे होते की नाही, हे तपासायला काही साधन नाही. पण त्या दिवसापासून ‘बी’ हे अक्षर माझ्यासाठी निव्वळ सांकेतिक अक्षर उरले नाही.

‘बी’ म्हणजे हॅमट्रॅम्क. चहूबाजूंनी जवळजवळ पूर्ण डेट्रॉइटने वेढलेले हे छोटे शहर. तिथे डॉज बंधूंनी १९१० मध्ये कारखाना उभारायला घेतला. आधी ते फोर्डसाठी सुटे भाग बनवीत, १९१४ पासून स्वतःच्या मोटारी बनवू लागले. १९२८ मध्ये क्रायसलरने डॉज कंपनी विकत घेतली. ‘डॉज मेन’ या नावाने ओळखला जाणारा हा अनेक मजली कारखाना साठच्या दशकात जुना झाला होता, आणि मागणी मात्र वाढत होती. २ मे १९६८ रोजी साखळीचा वेग वाढवल्याच्या निषेधार्थ सुमारे चार हजार कामगार युनियनला न विचारता बाहेर पडले. त्यात गोरे होते, काळे होते. नंतर झालेली शिक्षा मात्र कृष्णवर्णीयांच्या वाट्याला जास्त आली. त्यातून जनरल बेकर आणि त्यांच्या साथीदारांनी ‘डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट’ ही संघटना उभी केली. अवजड आणि घाणेरडी कामे आम्हालाच का, फोरमन सगळे गोरेच का, हे त्यांचे प्रश्न होते. ‘जनरल’ हे बेकर यांचे नाव होते, हुद्दा नव्हे.

डेट्रॉइटमध्येच एल्डन ॲव्हेन्यूवर क्रायसलरचा आस आणि गिअर बनवणारा कारखाना होता. १५ जुलै १९७० रोजी तिथल्या एका कृष्णवर्णीय कामगाराने, कामावरून निलंबित केल्यावर, बंदूक आणून तीन माणसांना ठार मारले. १९७१ मध्ये खटला चालला तेव्हा त्याच्या वकिलांनी ज्यूरीला कारखाना पाहायला नेले. ज्यूरीने निकाल दिला की त्याचे मानसिक संतुलन ढळले होते, त्यामुळे तो या कृत्याला जबाबदार धरता येणार नाही. मारले गेलेले तिघेही त्याच कारखान्यातले होते, हे विसरून चालणार नाही. तिथे कोणाचीच बाजू सोपी नव्हती. पण १९७० हे मसल कारचे सोनेरी वर्ष म्हणून गौरवले जाते, तेव्हा त्याच वर्षाचा हा भागही मला आठवतो. आंब्याच्या रंगाची गाडी आणि तिच्या आसाच्या कारखान्यातली ती दुपार, दोन्ही एकाच उन्हाळ्यातली.

डॉज मेन जानेवारी १९८० मध्ये बंद झाला. १९८१ मध्ये त्याची इमारत पाडली जात होती, तेव्हा मी बसने तिथून जात असे. त्या जागेवर आणि शेजारच्या पोलटाऊन या वस्तीवर जनरल मोटर्सचा नवा कारखाना व्हायचा होता. त्यासाठी चार हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. प्रकरण मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. नवा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. २०२१ मध्ये त्याच कारखान्यातून विजेवर चालणारी हमर बाहेर पडू लागली. चॅलेंजर हे नाव डॉजने २००८ मध्ये पुन्हा बाजारात आणले होते; पेट्रोलवरची ती नवी चॅलेंजरही डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. माझी गाडी एका लिटरला चार-पाच किलोमीटर जाते. अशा गाड्या रोजच्या वापरातून गेल्या याचे मला दुःख नाही. शहराच्या हवेसाठी ते बरेच झाले.

दुःख आहे ते दुसऱ्या गोष्टीचे. मसल कार स्वस्त होती तेव्हा ती दुर्लक्षाने नष्ट होत होती. महाग झाल्यावर ती कौतुकाने नष्ट होऊ लागली. १९७१ ची हेमी इंजिनाची, उघड्या टपाची प्लिमथ बाराकुडा २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. तशा अकराच गाड्या बनल्या होत्या. असे आकडे छापून आले की साध्या गाडीची खास गाडी करून विकणाऱ्यांचे फावते. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ याला विशेष सोपी, कारण ती मुळात जादा संच होती. गाडीच्या क्रमांकावरून ती जीटीओ आहे की साधी लमान्स हे कळतच नाही. पाँटिॲकची ३२६ आणि ३८९ घनइंचांची इंजिने बाहेरून सारखीच दिसतात. तिथे खरे काय ते कारखान्याच्या कागदांवरूनच ठरते. तशी फसवणुकीची परंपरा जुनीच. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने मार्च १९६४ मध्ये जीटीओची तुलना थेट फेरारीशी केली आणि तिचे नाव देशभर झाले. पाँटिॲकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनीच पुढे कित्येक वर्षांनी सांगून टाकले, की चाचणीला दिलेल्या त्या वेगवान गाडीत ३८९ चे नव्हे, ४२१ घनइंचांचे इंजिन होते.

खोटी गाडी कागदांवरून पकडता येते. अति सुंदर केलेल्या खऱ्या गाडीचे काय करायचे? प्रदर्शनासाठी गाड्या तयार करणारे लोक पत्रा आरशासारखा घासतात, पोटालाही चकचकीत रंग देतात, दारांच्या फटी कागदाच्या जाडीइतक्या सारख्या करतात. कारखान्यातून अशी गाडी कधी बाहेर पडलीच नव्हती. या घासण्यात मेणखडूचे आकडे जातात, ठिपके जातात, रंगाचे तुषार जातात. ज्या माणसांनी मिनिटामिनिटाला एक गाडी पुढे सरकवली, त्यांचा गाडीवरचा एकुलता एक दस्तऐवज पॉलिशपेपरखाली पुसला जातो. पुढे काही लोक छापील नमुने पाहून त्या खुणा पुन्हा काढतात. ती नक्कल झाली. कोणाची ग्वाही त्यात नसते.

सुदैवाने हवा थोडी बदलते आहे. या क्षेत्रात जुने बोलणे आहे, की गाडी मूळ स्थितीत एकदाच असते. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी मस्टँग एका कुटुंबाने १९७४ मध्ये विकत घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. तिचा रंग विटला होता, ठिकठिकाणी गंज होता, चित्रीकरणासाठी केलेल्या जोडण्यांच्या खुणा तशाच होत्या. कुटुंबाने ती नवी कोरी करण्याचा मोह टाळला. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती त्याच अवस्थेत ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. किंमत चित्रपटाची होती हे उघड आहे. पण ती तशीच ठेवली म्हणूनच ‘हीच ती’ असे म्हणता आले.

माझ्या चॅलेंजरचा पत्रा बाहेरून मी दुरुस्त केला, कारण गंज थांबवला नाही तर काहीच उरत नाही. पोट मात्र तसेच ठेवले. प्रायमर विटका आहे, तुषार जांभळे आहेत, पिवळा ठिपका जागेवर आहे. जिथे पत्रा कापावाच लागला, तिथल्या खुणांचे आधी फोटो काढले, मापे लिहिली आणि कापलेला तुकडा जपून ठेवला. प्रदर्शनात परीक्षक गाडीखाली आरसा सरकवतात, तेव्हा काही जण नाक मुरडतात. मुरडोत बापडे. हॅमट्रॅम्कच्या त्या माणसाचे नाव मला कधीच कळणार नाही. त्याने केलेली खूण पुसण्याचा अधिकार मला गाडीच्या मालकीहक्काबरोबर मिळाला आहे, असे मला वाटत नाही.

आपल्याकडेही आता जुन्या गाड्यांची हौस वाढते आहे. कुर्ल्याच्या कारखान्याशी जिचे नाव जोडलेले आहे, त्या पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी अजून कोणाकोणाच्या दारात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. कुणी ती गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगला देणार असेल, तर एवढेच करावे. कारागिराने पॉलिशपेपर हातात घेण्याआधी बॉनेट, डिकी आणि दाराच्या आतली बाजू ओल्या फडक्याने हलके पुसून पाहावी. एखादा आकडा, एखादा ठिपका, कुणाची तरी घाईतली सही दिसली, तर तिचा फोटो काढावा आणि तेवढी जागा घासू नका, असे कारागिराला सांगावे. गाडीच्या चकचकीतपणात त्याने काही उणे येत नाही.